माका नक्की कुठला? डेंग्यूनंतर लेकीचे केस गळतायत, आजीचं तेल करायचंय

कळंबा_काठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःसाठी लिहायची वेळ आली. माझी लेक बारावीला आहे. ऑगस्टच्या शेवटी तिला डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होती, प्लेटलेट्स खाली गेलेल्या, पण अंबाबाईच्या कृपेनं निभावलं. दसऱ्याला पोरगी ठणठणीत, मैत्रिणींबरोबर कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला पण गेली. आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिच्या डोक्याला तेल लावायला घेतलं तर माझ्या हातात केसांचा पुंजकाच आला. तेव्हापासून मोरीची जाळी दर दोन दिवसांनी तुंबतेय, वेणी निम्मी झालीय, ती आता कंगवा हातात घ्यायलाच घाबरते.

तीन आठवड्यांत तीन उपाय करून झाले. शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून कांद्याचा रस, मग खोक्यावर माक्याचं चित्र असलेलं एक महागडं तेल, मग कडुनिंबाचं पाणी. कांद्यानं डोकं लाल झालं आणि वास चार दिवस गेला नाही, बाकी काही फरक नाही.

माझी आजी कसबा बावड्याची. दर वर्षी पावसाळा सरला की लोखंडी कढईत तेल काढायची. माका, जास्वंद, आवळा एवढं आठवतंय, वर काहीतरी सुगंधी मुळ्या असायच्या, रात्री उशीला तोच वास यायचा. तिनं कुठं लिहून ठेवलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. तिचं एक वाक्य तेवढं डोक्यात आहे, हाताला काळा लागला तर माका, नाहीतर गवत. म्हणून काल सकाळी फिरायला गेले तेव्हा पाणथळ जागेतनं पिशवीभर माका काढून आणला, तर सासूबाई म्हणाल्या हा माका नव्हेच. फुलं पिवळी आहेत, सूर्यफुलाच्या पिल्लासारखी.

मला दोन गोष्टी सांगा. खरा माका ओळखायचा कसा आणि तेलाचं प्रमाण काय. आणि केस एवढे गळत असताना तेल लावावं का, कारण एक मैत्रीण म्हणते तेलानं अजून गळतात.

बांधावरचा
ताई, सासूबाईंचं बरोबर हाय. पिवळं फूल म्हंजे आपला नेहमीचा माका न्हवं. पिवळा माका म्हणून एक येगळी वनस्पती हाय, आणि बागंत जमिनीवर पसराय लावत्यात ती शोभेची पिवळी फुलांची वेल बी तशीच दिसती, ती आता जिथं पाणी तिथं पसरलीय. तुम्ही भौतेक तीच आणलीसा.

आपल्या माक्याचं फूल पांढरं असतंय, शर्टाच्या बटनाहून बारकं, पाकळ्या दोऱ्यागत. पानं समोरासमोर, लांबट, देठ जवळजवळ न्हाईच, हात फिरवला की खरखरीत लागतंय. खोड लालसर. खोड मोडायचं, बोटात चोळायचं आणि जरा दम धरायचा. हिरवा रस बघता बघता काळपट पडतोय. आज्जी जे म्हणत हुती ते हेच. घाई करून लगेच बघितलं तर हिरवंच दिसणार आणि तुम्ही टाकून देणार.

अजून एक घोटाळा हुतोय तो एकदांडीचा. तिला उंच दांडीवर एकच फूल असतंय, मधी पिवळं आणि कडंला पांढरट पाकळ्या. शेतात खुरपं लागलं की आमी तिचा पाला चोळून लावतोय. चांगली हाय पण माका न्हवं.

आमच्या गगनबावड्याच्या बाजूला भाताच्या खाचरात, पाटाच्या कडंला माका मायंदाळ. पण एक कळकळीनं सांगतो, उसाच्या बांधावरचा घिऊ नका. तिथं टू-फोर-डी, तण मारायचं औषध, मारल्यालं असतंय, वरनं झाड हिरवंगार दिसलं तरी अंगात औषध असू शकतंय. शहरात नाल्याच्या कडंचा बी नको. आणि मुळासकट उपटू नका, इळ्यानं वरनं कापा, परत फुटतोय.

कळंबा_काठ
दादा, लाख धन्यवाद. तुमचं वाचून पिशवी परत उघडून बघितली. पिवळी फुलं, गुळगुळीत चकचकीत पानं, चोळून पाच मिनिटं बसले तरी हिरवंच. सगळं टाकून दिलं. हेच तेलात उकळून लेकीच्या डोक्याला लावणार होते.

जुनी_कढई
मी मंगळवार पेठेतली. आमच्या बोलीत बायका पण करतो, जातो म्हणतात, तसंच लिहिणार. तीस वर्षं झाली तेल काढतो, सासूकडनं शिकलो, नंतर एका वैद्यबुवांकडनं त्यातलं गणित समजून घेतलं.

गणित असं. तेल चार वाट्या, तर वाटलेला गोळा म्हणजे कल्क एक वाटी आणि रस किंवा काढा सोळा वाट्या. हे जुनं शास्त्रातलं प्रमाण आहे. ऐकून घाबरू नको बाळ, पहिल्यांदा पाव लिटरच कर. पाव लिटर तेल, एक लिटर माक्याचा रस, साठ-पासष्ट ग्रॅम कल्क. रस एवढा निघत नसेल तर माका पाण्यात ठेचून पिळून घे, चालतंय. कल्कात मी माका, जास्वंदीची पानं आणि दोन-तीन फुलं, बी काढलेला आवळा, मूठभर कढीपत्ता घालतो. जास्वंद देशीच घे, लाल, एकेरी पाकळीची. पानं वाटली की बुळबुळीत होतात, तोच तिचा गुण, केस मऊ पडतात.

तेल खोबरेल, घाण्यावरचं. आच एकदम मंद. पहिल्या दिवशी तास-दीड तास उकळायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी परत. मी तीन दिवस घेतो. बुडाला लागू द्यायचं नाही, उलथनं हलवत राहायचं. शेवटी शेवटी घाई करणारी माणसं तेल घालवतात. पाण्याचा अंश राहिला की महिनाभरात तेल खवट होतं, बुरशी धरते, आणि मग लोक म्हणतात घरचं तेल टिकत नाही.

झालं का ते बघायच्या तीन खुणा आहेत. खालचा गोळा चमच्यानं काढून जरा निवल्यावर बोटात वळायचा, त्याची वात झाली पाहिजे, चिकट नको. कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवायची, चटचट आवाज आला तर पाणी आहे, शांत जळली तर तयार. तिसरी खूण म्हणजे तेलाला वर फेस चढतो. तुपाचं उलटं असतं, तुपाचा फेस तयार झाल्यावर बसतो. डोक्याला लावायचं तेल जरा जास्त शिजलं तरी चालतं, पोटात घ्यायचं असेल तर नाही.

लोखंडी कढईत तेल काळं होतं ते बघून लोक खूश होतात. तो काळेपणा बराचसा आवळ्याचा आहे, आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की काळा पडतोच, नुसता आवळा लोखंडी सुरीनं चिरला तरी सुरी काळी होते. म्हणून तेल काळं म्हणजे केस काळे असं काही नाही. मी आता जाड बुडाच्या स्टीलमध्येच करतो.

तुझ्या आज्जीच्या सुगंधी मुळ्या म्हणजे वाळा, नागरमोथा, कचोरा यातलं काहीतरी असणार, उटण्याला लागतात त्याच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतील. पूर्वी मी जटामांसी पण घालायचो, आता सोडली. ती हिमालयात उंचावर होते, मुळं उपटून उपटून जंगलातनं संपत आली आहे, जगातल्या अतिसंकटग्रस्त झाडांच्या यादीत गेलीय. आपल्या उशीला वास यावा म्हणून तिकडचा डोंगर उघडा करायचा हे मनाला पटेना.

तिकटीवरचा
काकू, प्रमाण सेव्ह केलंय. पण मला थोडं वेगळं बोलायचंय आणि ते मनापासून आहे. माझं वय २९, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकायला लागले ते २३ व्या वर्षापासून. सहा वर्षांत मी किती तेलं लावली असतील, एक तर परराज्यातनं कुरिअरनं मागवायचो, तीन बाटल्यांचा कोर्स, आधीचे आणि नंतरचे फोटो बघून. घरात कुणाला किंमत सांगितली नव्हती. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की हे घराण्यातनं आलेलं टक्कल आहे, वडिलांचं आणि मामाचं डोकं बघ. त्यांनी मिनॉक्सिडिल दिलं, ते लावतोय तोवर जेवढं आहे तेवढं टिकलंय. सहा वर्षं आधी गेलो असतो तर जास्त टिकलं असतं हे मला आज पण लागतं.

नंतर वाचलं की औषधांच्या १९४५ च्या नियमांत परिशिष्ट ‘J’ म्हणून रोगांची यादी आहे, त्यात टक्कल आहे आणि नवीन केस उगवणं पण आहे. म्हणजे औषधानं हे बरं होतं असा दावा करायलाच मनाई. तरी रोज मोबाईलवर दहा जाहिराती येतात. घरचं तेल करा, जरूर करा, पण केस कशानं गळतायत ते आधी कुणाला तरी दाखवा.

हळदओली
आमच्या नणंदेच्या मुलाला डोक्यात रुपयाएवढी चाई पडली होती तेव्हा गावात एकानं गुंज उगाळून लेप लावायला सांगितला होता. आम्ही घाबरून लावला नाही, चार महिन्यांत आपोआप केस आले. पण ते तेलाच्या बाबतीत पण चालतं का? म्हणजे गुंज घातली तर जास्त गुण येतो असं ऐकलंय.

वैद्य_गडहिंग्लज
गुंजेबद्दल आधी लिहितो कारण ते थांबवायला हवं. ग्रंथात इंद्रलुप्तावर, म्हणजे चाईवर, गुंजेचा लेप सांगितलाय हे खरं आहे, पण गुंजेचं बी जहाल विषारी आहे. फुटलेलं बी पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. शोधन म्हणजे बियांतलं विष उतरवणं, मात्रा, कातडीची अवस्था हे सगळं बघून करायचं काम आहे ते. घरात लहान मुलं असताना लाल-काळी बिया उगाळत बसू नका आणि तेलात तर घालूच नका. तुम्ही लावला नाहीत ते फार चांगलं केलंत. चाई पुष्कळदा आपोआप भरते, तुमच्या भाच्याचं तेच झालं.

कांद्याचा रसही तिथूनच सुरू झालाय. २००२ साली इराकमधला एक छोटा अभ्यास छापून आला होता, तो चाईच्या रुग्णांवर होता. तापानंतरच्या गळतीशी किंवा वडिलोपार्जित टकलाशी त्याचा संबंध नाही. पण कांदा तेवढा घराघरात पोचला.

आता ताई, तुमच्या लेकीचं. तुम्ही तारखा दिल्यात म्हणून सांगता येतं. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. एरवी हे आळीपाळीनं चालतं, म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गेले तरी कळत नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, भयंकर डाएट असं काही झालं की शरीर एकदम पुष्कळ केसांना विश्रांतीला पाठवतं. ते त्या दिवशी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात, जेव्हा माणूस बरा होऊन ताप विसरलेला असतो. ऑगस्टअखेर ताप, दिवाळीत गळती, हिशेब बरोबर बसतो. करोनानंतर माझ्याकडे अशा बायकांची रांग लागली होती.

यात केसांचं मूळ मरत नाही. बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत थांबते आणि केस परत येतात, फक्त महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणार, त्यामुळे वेणी भरायला वर्ष-दीड वर्ष लागेल. आणि इथंच सगळ्या तेलांची कीर्ती होते. माणूस तिसऱ्या महिन्यात घाबरून तेल सुरू करतो, सहाव्या महिन्यात केस येतात, ते येणारच होते. मी स्वतः तेल देतो, माझ्या वडिलांच्या कृतीनं केलेलं देतो, पण रुग्णाला हे सांगून देतो.

तेलानं गळती वाढते हेही खरं नाही. गळणारा केस आधीच सुटलेला असतो, तेल लावताना हाताला येतो इतकंच. विंचरायचं टाळूनही तो थांबत नाही, तिला हे समजावून सांगा, तिची भीती जाईल. खोबरेलाचा एक उपयोग तर चांगला तपासलेला आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन जाण्याचं प्रमाण कमी करतं, २००३ साली सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलशी तुलना करून दाखवलंय. म्हणजे आहे तो केस तुटत नाही. उगवणं ही वेगळी गोष्ट.

तेव्हा तेल करा, हलक्या हातानं लावा, रात्रभर ठेवायची गरज नाही. पण त्याआधी तिचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी जास्त जाते का तेही विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा, त्यानं थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

शाहूपुरी_३
वैद्यबुवा, विषयाला धरूनच विचारतो. आमचे बाबा करोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात, अंगणातल्या आंब्यावर कुणीतरी आणून सोडलेली वेल आहे. आता त्यांच्या लिव्हरचे आकडे वाढलेत. काढा नैसर्गिक आहे म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगितलाच नव्हता.

वैद्य_गडहिंग्लज
आजच सांगा आणि काढा आजच बंद करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की ती वनस्पती गुळवेलच होती का ते तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. दोन्हींतलं काहीही असलं तरी तुमच्या घरात अर्थ एकच निघतो. कुणीतरी आणून सोडलेली वेल, ओळख पटलेली नाही, आणि चार-पाच वर्षं रोज काढा. कुठलंच औषध असं घ्यायचं नसतं. वेलीची फांदी पान-फुलासकट घेऊन शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या लोकांना दाखवून बघा, ओळखतील. पण बाबांना आधी दाखवा, वेल नंतर.

कळंबा_काठ
सगळ्यांना नमस्कार, उशीर झाला. रिपोर्ट आले. थायरॉइड व्यवस्थित. हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ९. डॉक्टर म्हणाल्या डेंग्यूचं निमित्त झालं पण पोरीच्या अंगात लोखंडाचा साठाच नाही. पाळी सात-आठ दिवस जाते हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, तिला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. डब्यातली पालेभाजी परत यायची ते मला दिसत होतं, केस दिसत होते, आणि जिना चढताना तिला दम लागतो हे मात्र मी अभ्यासाच्या जागरणावर ढकलत होते. मी आई असून हे मला केसांनी सांगितलं, याचं फार वाईट वाटतंय.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. काकू, हळिवाचे लाडू द्यावेत का? आणि तेल या रविवारी लावतेय चुलीवर.

जुनी_कढई
वाईट वाटून घेऊ नको बाळ, आमच्या पिढीत तर पाळीचं बोलायचंच नाही असं होतं.

लाडू दे की. हळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव, फुगून चिकट होतात. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून कढईत परतायचं, सुटून आलं की जायफळ, गरम असतानाच वळायचे. बाळंतिणीला आपण देतो ते उगीच नाही, लोह आहे त्यात. पण गोळ्या बंद करून लाडू असं करू नको, एवढा खड्डा लाडवानं भरत नाही. गोळी आणि लाडवाच्या मागेपुढे चहा देऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. वर लिंबू पिळलेलं काहीतरी दे, आवळा दे, आत्ता तर बाजारात ढीग लागलेत.

तिकटीवरचा
ताई, रिपोर्ट लवकर काढलेत हे खूप बरं केलंत. एक सांगायचं राहिलं, केस विरळ दिसतात म्हणून काळी मेंदी लावू नका. आमच्या बहिणीनं लग्नाच्या आधी लावली, कपाळ आणि पापण्या सुजून डोळे उघडेनात. मेंदीचा पाला नारिंगी-तांबूस रंग देतो, दहा मिनिटांत कुळकुळीत काळं करणारं जे असतं त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं.

कळंबा_काठ
फेब्रुवारीत लिहितेय. बारावीची प्रॅक्टिकल्स चालू आहेत. हिमोग्लोबिन ११.६ झालंय, गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या आहेत. जाळी आता तुंबत नाही. काल वेणी घालताना तिच्या कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे केस उभे दिसले, उन्हात धरले तर सगळीकडे तसेच. ती आरशात बघून म्हणाली, आई हे बसत नाहीत गं, पिन लाव. मी पिन लावली नाही, म्हटलं राहू देत आज.

तेल जमलं. पहिल्यांदा वात चटचटली, काकूंचं वाक्य आठवून अजून एक दिवस घेतला, मग शांत जळली. माका दादांनी एका ओळखीच्या एसटीवाल्याबरोबर पाठवला होता, गोणपाटात ओला गुंडाळून, चोळल्यावर बोटं दोन दिवस काळी होती. तेलात वाळा आणि कचोरा घातला. लेक म्हणते उशीला वास येतो. कसला ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

प्रमाण आणि माक्याची ओळख वहीत लिहून ठेवलीय, तिच्याच अक्षरात लिहून घेतली.

बांधावरचा
लई बरं वाटलं ताई. आता खाचरं वाळल्यात, माका बी सुकला. भात लावणी झाली की श्रावणात या गगनबावड्याला, लेकीला बी आणा. पिवळा, पांढरा आणि एकदांडी तिन्ही एका बांधावर दाखवतो, एकदा हातानं तोडलं की मग कुणी फसवू शकत न्हाई. येताना इळा नको, हाय माझ्याकडं. पिशवी तेवढी कापडी आणा.